धागा: नर शिंगरू घोडींच्यात मोकळं सोडायचं, पण कधीपर्यंत?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. गाव रायबाग तालुक्यातलं, नदीच्या अंगाला. घरी दोन जनावरं आहेत: एक कुमैत (लालसर तपकिरी) घोडी, नऊ वर्षांची, आणि तिचीच आधीची शिंगी (मादी शिंगरू), आता दोन वर्षांची. कुमैत घोडीला गेल्या फाल्गुनात नर शिंगरू झालं. ते आता दहा महिन्यांचं आहे. अंगानं भरलंय, उंच निघणार असं दिसतंय.

ऊस तुटून गेलाय आणि घराला लागून दोन एकर रान मोकळं आहे. मला तिघांना दिवसभर तिथं सोडायचंय. आमचे वडील म्हणतात, नर आहे, आत्तापासून अगाडी-पिछाडी लावून दावणीला धरा, नाहीतर हाताबाहेर जाईल. माझं मन तयार होत नाही. दहा महिन्यांचं पोर दिवसभर खुंट्याला बांधून ठेवायचं म्हणजे पाय कसे सुटणार त्याचे?

पण गेल्या आठवड्यापासून ते शिंगीवर चढायला बघतंय. ती लाथ झाडते, हे परत जातं. आई अजून सकाळी पाजते. आईजवळ ठेवलं तर धोका, एकटं बांधलं तर जीव खातं. जाणकारांनी सांगावं.

माळकरी_अथणी

वडिलांचा अनुभव मोठा असेल, त्यांना दुखवू नका. पण एकटं बांधायचं नाही. नर शिंगराला सगळ्यात जास्त कुणाची गरज असेल तर ती खमक्या घोडीची. माणूस त्याला लगाम शिकवतो, वागणं घोडीच शिकवते.

तुमचं पोर मोठ्या घोडीसमोर गेलं की मान लांब करून तोंड उघडझाप करतं का? दात वाजल्यासारखा आवाज येतो बघा. ‘मी लहान आहे, मारू नका’ असं ते सांगत असतं. घोडी कान पाडते, मग पुठ्ठा वळवते, आणि एवढ्यावरही पोर सरकलं नाही तर लाथ. सगळं पायरीपायरीनं चालतं. हे बघत वाढलेला घोडा पुढं माणसाचाही इशारा ओळखतो. एकटा वाढलेला नर माणसाच्या अंगावर चढतो, दंडाला चावतो, आणि मग लोक म्हणतात जातच वाईट.

आता दुसरी बाजू. तुमच्याकडं वेळ थोडा आहे. खालच्या गोष्टी दिसायला लागल्यात का ते बघा. घोडीची लीद हुंगून तिच्यावरच स्वतःची लीद टाकणं. घोडी मुतली की तिथं जाऊन नाक वर करून वरचा ओठ उलटा करणं (हे लहान पोरंही करतात, एवढ्यावरून घाबरू नका). दात वाजवणं कमी होऊन मान कमानीसारखी ताणून पुढं जाणं. आणि शिंगीला आईपासून तोडून कोपऱ्यात हाकत नेणं. हे शेवटचं दिसलं त्या दिवशी संध्याकाळीच वेगळं करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

टांगेवाला_शहापूर

माळकरी मामांचा मान राखून सांगतो, एवढं घाबरायचं कारण नाही. आमच्यात सगळी पोरं घोडींच्यातच वाढली. दीड वर्षापर्यंत नराला काही कळत नाही, नुसता खेळ असतो तो. आणि शिंगीनं लाथ घातली म्हणजे तिला नको आहे. घोडी उभी राहिल्याशिवाय घोडा काही करू शकत नाही.

डॉ_चिकोडी

शेवटचं वाक्य बरोबर आहे, आणि अडचण नेमकी तिथंच आहे. घोडी माजावर नसेल तेव्हा लाथ घालते. माजावर आली की तीच शिंगी शेपटी बाजूला करून उभी राहील. साधारण २१ दिवसांचं चक्र, त्यातले पाच ते सात दिवस माज. म्हणजे बाकीचे दिवस सुरक्षित दिसणारा कळप त्या आठवड्यात सुरक्षित नसतो.

वयाचं म्हणाल तर बहुतेक नर १२ ते १८ महिन्यांत वयात येतात. काही नर वर्षाच्या आसपासच घोडी भरवू शकतात. कुठलं पोर कुठल्या महिन्यात तयार होईल हे बाहेरून बघून मलाही सांगता येणार नाही. म्हणून वर्ष भरायच्या आत वेगळं करणं हा हिशेब धरायचा. या केसमध्ये तर एक घोडी आई आणि दुसरी बहीण. वासरांच्या बाबतीत आपण हे किती जपतो, मग घोड्यांच्या बाबतीत का नाही? शिवाय दोन वर्षांची शिंगी अजून स्वतःच वाढत असते. तिनं पोटात ११ महिने पोर वागवायचं, मग पाजायचं, म्हणजे तिची हाडं कधी भरणार?

आणखी एक गोष्ट इथं नेहमी चुकीची सांगितली जाते: ‘थंडीत घोडी माजावर येत नाही, फाल्गुनापर्यंत निवांत राहा.’ हे थंड मुलखातल्या पुस्तकांतून आलेलं आहे. घोडीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. इंग्लंडात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत आठ तासांहून जास्त फरक पडतो, त्यामुळे तिथल्या घोड्या हिवाळ्यात खरोखर बंद पडतात. बेळगाव १६ अंश अक्षांशाजवळ आहे. आपल्याकडं तो फरक जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे आपल्या भागात पौष-माघातही माजावर येणाऱ्या घोड्या मी बघतो, विशेषतः खायला-प्यायला चांगलं असेल तर. उसाच्या पट्ट्यात वाडं, मका, भरडा मिळणाऱ्या घोडीनं थंडीत माज दाखवला तर नवल वाटू देऊ नका.

माज ओळखायचा कसा: शेपटी वर, पाय फाकवून थोडं थोडं मुतणं, योनीची उघडझाप, आणि नराजवळ मुद्दाम जाऊन उभं राहणं. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

खानापूरची_लेक

डॉक्टर, माझा प्रश्न उलटा आहे. माझ्याकडं सात महिन्यांचं नर शिंगरू आहे. आई पहिल्या महिन्यातच गेली. शेळीच्या दुधावर, बाटलीनं वाढवलं. आमच्याकडं पाऊस खूप, त्यामुळं पावसाळाभर गोठ्यातच आमच्या पायात पायात होतं. आता ते मला घोडीच समजतं! पाठीमागून येऊन खांद्यावर पुढचे पाय टाकतं. लहान होतं तेव्हा सगळ्यांना गोड वाटायचं, आता माझ्या मुलीला एकटीला मी गोठ्यात पाठवत नाही. शेजारच्या गावात एक म्हातारी घोडी आहे, मालक द्यायला तयार आहेत. तिच्यात सोडू का? ती मारून टाकणार नाही ना?

माळकरी_अथणी

अक्का, सोडा. पण एकदम नको.

आधी दोघांच्या मधे भक्कम कुंपण ठेवून आठ-दहा दिवस शेजारी शेजारी राहू द्या. नाकाला नाक लागू दे, किंचाळू देत, पाय आपटू देत. पहिल्या दिवशी घोडी जे किंचाळते ते ऐकून घाबरू नका. दोघं कुंपणापाशी शांत उभी राहून वैरण खायला लागली की मग मधलं फाटक उघडायचं. घोडीच्या मागच्या पायांत नाल असतील तर आधी काढून घ्या. उघड्या खुराची लाथ सूज आणते, नालेची लाथ हाड मोडते. जागा मोठी हवी, आणि जिथं पोर कोंडलं जाईल असा कोपरा नको. कोपऱ्यात दोन बांबू आडवे बांधून तो गोल करून टाका. वैरण आणि पाणी दोन ठिकाणी, लांब लांब.

म्हातारी घोडी चांगलीच. फक्त तिच्या पोटाखाली दुसरं पोर नसावं. नुकतीच व्यालेली घोडी परक्या पोराला जवळ फिरकू देत नाही, तिथं खरोखर जीव जाऊ शकतो.

बाटलीच्या पोराला पहिल्या दोन-तीन लाथा बसतील. घोडीसमोर कसं वागायचं हे त्याला माहीत नसेल, कारण कुणी शिकवलंच नाही. तुम्हाला बघवणार नाही. तरी मधे जाऊ नका, पोर पळायला मोकळं असेल तर घोडी पाठलाग करून मारत नाही, चार पावलं हाकते आणि थांबते. पाठलाग करतच राहिली तर मात्र ती घोडी या कामाची नाही, बाहेर काढा.

खानापूरची_लेक

मामा, वाचून धीर आला. कुंपणाचंच बघायला हवं. आमच्याकडं गवे आणि डुकरं येतात म्हणून शेताला झटका मशीनची तार आहे. चालेल?

डॉ_चिकोडी

चालेल, पण बारीक तार धावणाऱ्या पोराला दिसत नाही. दर दोन हातांवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा. आणि पहिल्यांदा दोरीनं धरून त्याला कुंपणाच्या कडेनं पूर्ण फिरवून आणा, मग सोडा. काटेरी तार मात्र कुठंही नको. कुंपणातून काढलेल्या घोड्यांचे पाय शिवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात वाईट काम आहे. कातडी मांसापासून सोलून निघते आणि सांध्याखाली भरून यायला महिने लागतात.

कृष्णाकाठचा

मंडळी, खूप धन्यवाद. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, विचारून घे, ऊसतोडीच्या रानात सोडतोयस ते चालतंय का.

माळकरी_अथणी

वडिलांनी मुद्द्याचं विचारलं. नुकतं तुटलेलं रान लगेच नको. कोयत्यानं तिरकं तुटलेलं बुडखं भाल्याच्या टोकागत असतं. पोर उधळलं की खुराच्या वरच्या मऊ भागात घुसतं. पाचटाखाली ते दिसतही नाही. खोडवा ठेवणार नसाल तर नांगरून, ढेकळं फोडून घ्या आणि मग सोडा. ठिबकच्या नळ्या गोळा केल्यात का? एक तुकडा जरी राहिला तरी पायात गुंततो. विहिरीला कठडा आहे का?

आणि मोकळं सोडताना मोरकी (तोंडावर बांधलेली दोरी) काढा. अंग खाजवताना शिंगरू मागचा पाय डोक्यापर्यंत नेतं, खूर मोरकीत अडकतो. काढता येत नसेल इतकं ते अजून हाताळलेलं नसेल, तर आधी ते काम.

कृष्णाकाठचा

विहिरीला कठडा नाही, जुनी आहे. ते आधी करतो. नळ्या काढल्यात. बाकी माझा मूळ प्रश्न राहिला: वेगळं केल्यावर त्याला ठेवू कुणाबरोबर? घोडींशिवाय माझ्याकडं दुसरं जनावर नाही.

धनगरवाडा_हुक्केरी

आमी मेंढरांमागं फिरतो. बिऱ्हाड लादायला घोडी असते. नर शिंगरं आईमागंच चालत मोठी होतात, कुणी बांधत नाही, पण चालून चालून त्यांची रग जिरते. मुक्कामाला रात्री पुढच्या पायांना पायबंद घालतो. वर्षाचं व्हायला आलं की नराला कळपातल्या एखाद्या आखत्याच्या (खच्ची केलेल्या घोड्याच्या) जोडीला देतो, दुसऱ्या वाड्यातला असला तरी चालतो. पाव्हण्यांकडं पोर पाठवल्यासारखं. आमच्या म्हाताऱ्यांचं सांगणं एकच, नराला एकला ठेवू नका आणि घोडीजवळ ठेवू नका. तुमच्याजवळ आखता नसंल तर दुसऱ्या कुणाचं तेवढ्याच वयाचं नर शिंगरू बघा. दोन पोरं जोडीनं ऱ्हातात, दिवसभर कुस्ती खेळतात, रातीला अंगाला अंग लावून झोपतात.

डॉ_चिकोडी

धनगरवाडा यांनी सांगितलं त्यापेक्षा चांगलं मी सांगू शकत नाही. मोकळ्या रानात राहणाऱ्या घोड्यांमध्येही हेच होतं. वयात आलेल्या नरांना कळप बाहेर काढतो आणि ते आपापला तरुण नरांचा गट करून राहतात. एकटा नर निसर्गात क्वचितच दिसतो. कोंडून ठेवलेला एकटा नर दावणीचं लाकूड दातात धरून हवा गिळायला लागतो, किंवा तासन्‌तास या पायावरून त्या पायावर झुलत राहतो. ही सवय लागली की सहसा जात नाही.

दूध तोडणं आणि वेगळं करणं एकाच दिवशी येतंय, त्याचीही तयारी करा. दहा महिन्यांत दुधाची गरज उरलेली नाही. आईचा खुराक चार-पाच दिवस आधीपासून कमी करा म्हणजे कास आटेल. वेगळं केल्यावर कास ताठ होईल, पण पिळू नका, पिळलं की दूध पुन्हा उतरतं. गरम लागली किंवा ताप वाटला तर बोलवा. पोराला जोडीदाराची ओळख आधी करून द्या, मग आईपासून तोडा. दोन्ही धक्के एकदम नकोत.

बाजारातून आखता आणणार असाल, अकलूजहून म्हणा की कुठूनही, तर आल्याआल्या पोराजवळ बांधू नका. पहिले काही आठवडे वेगळा गोठा, वेगळी बादली. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसालाही होतो आणि त्यावर सरकारी नियम कडक आहेत.

टांगेवाला_शहापूर

डॉक्टर, तुम्ही फिरून खच्ची करण्यावर येणार हे माहीत आहे. आमच्या भागात घोडागाडीच्या शर्यतीला गिऱ्हाईक अंडील (खच्ची न केलेला) घोडाच मागतं. आखता केला की दम जातो, रुबाब जातो, किंमत पडते. चांगल्या अंगाचं पोर आहे म्हणतायत, त्याचं नुकसान कशाला?

डॉ_चिकोडी

किंमत पडते हे आपल्या बाजारात खरं आहे, मी नाकारत नाही. दम जातो हे मात्र खरं नाही. रेसकोर्सवर आखते घोडे धावतात आणि जिंकतातही. मानेची जाडी आणि डरकाळी कमी होते, छातीचा भाता तोच राहतो.

अंडील ठेवायचा तर ज्याच्याकडं जागा, पक्कं कुंपण आणि रोजचं काम देणारा माणूस आहे त्यानं जरूर ठेवावा. आपल्याकडं बहुतेक अंडील घोड्यांचं आयुष्य चार दोऱ्यांच्या मधे जातं, कारण सोडायला जागाच नसते. तोच घोडा आखता असता तर घोडींबरोबर माळावर चरला असता, म्हातारा होईपर्यंत. मला विचाराल तर त्याच्या बाजूनं बघून मी आखता करण्याच्या बाजूला आहे.

करायचं ठरलं तर आत्ता, फेब्रुवारीच्या आत. हवा थंड आणि कोरडी, माश्या कमी. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. आधी दोन्ही गोळ्या (वृषणं) खाली उतरल्यात ना हे तपासायचं. एक वर राहिलेली असेल तर एकच काढून सोडू नका, तो आखत्यासारखा दिसतो आणि वागतो नरासारखा. धनुर्वाताची लस आधीच झालेली हवी, घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर गोठ्यात दुसरं नाही. भूल देऊन, डॉक्टरच्या हातून. बैलाचा चिमटा घोड्याला लावू देऊ नका, कुणी कितीही अनुभवी म्हणून आला तरी. दुसऱ्या दिवसापासून रोज चालवायचं, उभा ठेवला की सूज उतरत नाही.

आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: त्याच आठवड्यात घोडींच्यात सोडायचं नाही. आत राहिलेल्या बीजावर तो अजूनही घोडी भरवू शकतो. किमान महिनाभर थांबा.

टांगेवाला_शहापूर

महिनाभराचं माहीत नव्हतं. आमच्याकडं आठ दिवसांत सोडतात. बाकी किमतीचं माझं मत तेच आहे, पण जागा नसेल तर अंडील ठेवू नये हे पटतंय. शहापुरात गल्लीतल्या गोठ्यात उभे असलेले घोडे बघून मलाही बरं वाटत नाही.

निपाणीकर_वाचक

मी घोडा पाळत नाही, पण धागा सगळा वाचला. लहानपणी अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला निघताना बघायला आजोबा न्यायचे. पुढं वारीत रिंगणही बघितलं. एवढ्या लाखभर माणसांत, टाळ-मृदंगात, पायाखालची माती कपाळाला लावायला झोंबणाऱ्या गर्दीत ते घोडे इतके शांत कसे राहतात, याचं मला फार कौतुक वाटतं. घोड्याला एवढा मान देणारा आपला मुलूख आहे. इथल्या पोरांना असं वाढवायची चर्चा वाचून खूप बरं वाटलं.

कृष्णाकाठचा

घरात ठरलं ते लिहितो. आमच्या मावशीच्या गावी, चिकोडीच्या अलीकडं, एका कुटुंबात वर्षाचं नर शिंगरू एकटंच बांधलेलं आहे. त्यांच्याशी बोलणं झालंय. ते पोर आमच्याकडं येणार, रक्ततपासणी झाल्यावर. दोघांना गोठ्यामागची जागा, लाकडी आडव्या पट्ट्यांचं कुंपण, घोडींपासून मधे वाट सोडून. घोडी दिसतील पण नाक लागणार नाही. रान नांगरून झालं की सकाळी घोड्या, दुपारनंतर पोरं, असं आळीपाळीनं सोडणार. विहिरीच्या कठड्याला गवंडी उद्या येतोय. तोपर्यंत कुणीच रानात नाही. खच्ची करायचं वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. लस मात्र आधी टोचून घेतो.

डॉक्टर, एकच शंका. गेल्या आठवड्यात ते शिंगीवर चढत होतं ते आम्ही बघितलं तेवढं. न बघता काही झालं असेल तर?

डॉ_चिकोडी

दहा महिन्यांच्या पोराकडून शक्यता फार कमी. तरी शिंगी माजावर होती का हे कुणालाच नक्की आठवत नसेल तर अंदाजावर राहू नका. वेगळं केल्याच्या तारखेपासून सोळा-सतरा दिवसांनी तिला सोनोग्राफीसाठी दाखवा. त्या वेळी पोटात काही असलं तर पहिल्या महिन्याभरात इंजेक्शननं मोकळी करता येते, उशीर झाला की ते इतकं सोपं राहत नाही. दरम्यान ती माजावर आली तर ती तारीखही लिहून आणा. आणि त्या दिवशी दुसऱ्या पोरालाही बघतो, दोघांची लस एकदमच होईल.

कृष्णाकाठचा

पोराला आजच वेगळं केलंय, जुन्या बैलांच्या गोठ्यात. तिथून त्याला आई दिसते, ओरडतंय, पण वैरण खातंय. आजची तारीख दाराच्या मागं खडूनं लिहिली आहे. सोनोग्राफीला शिंगीला टेम्पोतून आणतो, सोबत कुमैत घोडी घेऊ का? एकटी ती टेम्पोत चढत नाही.

डॉ_चिकोडी

घ्या सोबत. कास पण बघून होईल.